पोटखराबा

लेकीची सायकल आहे ही, पुढे टोपली असलेली.
ती पुण्याला गेली तेव्हा चाकांत हवा होती.
मग नव्हती. मग मी भरली.
डॉक्टर म्हणाले, साखर, गुडघे, सकाळचं ऊन.
दहिवेलच्या फाट्यावरची पोरं म्हणाली, ओ सर, लेडीज!
मी सर नव्हे. मोजणीदार होतो.
अठ्ठावीस वर्षं साक्री तालुक्यात साखळी ओढली,
पण गावोगाव जायचो जीपनं.

जीपमधून बांध दिसतात, घरं दिसत नाहीत.
आता दिसतं
की धाब्याच्या कडेला कुणी कौलाचा तुकडा
जिभेसारखा बाहेर काढून ठेवलाय, पागोळीसाठी,
आणि वर मधोमध एक बूड फुटलेलं मडकं.
त्यातून घर सकाळी धूर सोडतं,
कचेरीला न जाणाऱ्या माणसासारखं,
सावकाश.

चढ लागला की उतरून चालायचं.
चढावर जास्त दिसतं.
एका विहिरीच्या आत, अर्ध्या खोलीवर, लाकडी दार.
कुलूप लावलेलं.
कुणाला विचारणार? कबुतरंच होती.
पुढे फडाचा पाट, हातभर रुंद,
रस्त्याखालून येतो नि एका घराच्या ओसरीतून
सरळ निघून जातो.
घरानं पाट नाही वळवला,
ओसरीच वाटून घेतली.
अलीकडे म्हातारा, पलीकडे शेळी.

वाघदेव भेटला सागाच्या बुंध्याशी,
वाघ मांजराएवढा, चंद्र वाघाएवढा.
माथ्यावर पवनचक्क्या.
त्यांच्या पात्याची सावली
कुडाच्या झोपडीवरून जाते, पुन्हा जाते,
कोंबडी मान वर करत नाही.
पहिल्या वर्षी म्हणे अंडी बंद केली होती तिच्या आजीनं.

मग ती भिंत.
काळी, दोन पुरुष उंच, शेतातूनच उगवलेली,
टेकडी चढून पलीकडे उतरलेली.
दगड चौकोनी, कुणी रचल्यासारखे.
रचले कुणीच नाहीत.
भुई उकलली, आत तापलेला रस शिरला, निवला,
आजूबाजूचं झिजून गेलं, ही राहिली.
मी तिला एक्क्याण्णव साली कागदावर घेतलं.
शून्य हेक्टर चौदा आर. पोटखराबा.
म्हणजे पीक नाही, सारा नाही,
धरू नये.

चौदा आरच्या टोकाला एक घर होतं.
मी सायकल टेकवून, सवयीनं,
एक डोळा मिटून कोपरा धरला.
धाब्यावर पांढरी माती पसरत होती केवळबाई.
वरूनच म्हणाली,
‘मोजाले उनात का, भाऊ?’

नाही म्हटलं. पाणी प्यायला.

आत तीन भिंती मातीच्या,
चौथीच्या फटींत खुंट्या, आगपेटी, रेशनकार्ड,
कुणाची तरी कंपासपेटी.
‘ही कोणी बांधी?’ माझी अहिराणी तोडकी.
‘कोणीच नही. ती व्हतीच.
आम्ही तं तीनच बांध्यात.’
आणि तांब्या पुढे करत,
‘दिनभर ऊन खास ती,
रातले आम्हले देस.’

मी हात ठेवला.
दहा वाजले असतील. दगड अजून कोमट होता,
कालचाच असावा.

तिला सांगितलं नाही
की मी कागदावर काय लिहिलंय.
निघताना तिनं टोपलीत चार वांगी टाकली,
विचारलं नाही, टोपली दिसली म्हणून टाकली.
मग उतार. माझा एकच ब्रेक लागतो.
खडीवर घंटी आपोआप वाजत राहिली,
वांगी एकमेकांवर आदळत राहिली,
आणि डाव्या हाताला बराच वेळ
ती भिंत,
सोबत चालत असल्यासारखी,
मग एका नाल्यापाशी
खाली गेली.